उतरतानाच मोजायचं

पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेपासून दोन शेतं आत,
भूजलवाल्यांची एक निरीक्षण-विहीर आहे.
विहीर कसली, वीतभर रुंदीचं भोक;
वर गंजकं टोपण, टोपणाला कुलूप,
कुलपाची किल्ली सुपडूअण्णांच्या करदोट्याला.

बेडसे मॅडम म्हणाल्या, तापमान मोजायचंय.
अण्णांनी आधी आभाळाकडे बघितलं.
"आजचं नाही. तुमच्या आजोबांच्या वेळचं."
अण्णांनी माझ्याकडे बघितलं.
मी केबलचं रीळ धरून उभा. मला काय विचारता.

ऊन जमिनीत उतरतं, पण मुंगीच्या पायांनी.
पंधरा-वीस मीटरांवर चैत्र आणि पौष
एकमेकांचं देणं फेडून मोकळे होतात,
त्याखाली एकेका वर्षाला कुणी ओळखत नाही.
शतक तेवढं झिरपत राहतं
काळ्या पाषाणात,
जितकं खोल तितकं जुनं,
जितकं जुनं तितकं पुसट.

उतरतानाच मोजायचं, ही पहिली अट.
वर ओढताना पाणी ढवळतं,
कोणती ऊब कुठली, मग सांगता येत नाही.
म्हणून एक मीटर सोडायचा, थांबायचं,
आकडा थरथरायचा राहिला की मॅडम म्हणणार, "हं."
मी लिहिणार.
पुन्हा एक मीटर.
दोनशे दहा वेळा "हं".

अंधार पडला. बॅटरीभोवती पाखरं.
अण्णांनी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला.
मॅडमनी सांगितलं, चाळीसगावकडे पाटण्याला
शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघालीत,
त्यांतूनही जुन्या हवेचा माग काढतात.
"खानदेशात शहामृग!" अण्णा इतके हसले
की त्र्याऐंशीवा मीटर मला दोनदा लिहावा लागला.

मग ते आपलं सांगत बसले.
थोरलीच्या लग्नात हळद अंगावरच तडकली ते साल.
धुळ्याच्या रस्त्यानं एक चप्पल ठेवून घेतली ते साल.
दुपारी हंड्याला हात लावला आणि फोड आला, ते.
निंबाखालीसुद्धा शेळ्या बसेनात, ते.
"माले बठ्ठं याद से," म्हणाले. "तठे सापडी का?"

नाही, मॅडम म्हणाल्या. जमीन तारखा ठेवत नाही.
तिला दुपार माहीत नाही, लग्न माहीत नाही.
तिच्याजवळ फक्त कल आहे.

"मंग तिना काय उपेग?"

मॅडमनी आलेखाचा कागद बॉनेटवर पसरला.
खालचे ठिपके शहाण्या मुलांसारखे रांगेत,
तळाकडे थोडे थोडे गरम होत जाणारे; ती पृथ्वीची स्वतःची ऊब.
त्यांच्यावर पट्टी ठेवून रेघ वर वर ओढत नेली,
थेट जमिनीपर्यंत.
पण वरचे ठिपके रेघेवर आलेच नाहीत.
साधारण दीडशे मीटरांपासून रांग सोडून
उजवीकडे, उष्णाकडे वाकत गेलेले.
रेघ जिथे टेकली ते पूर्वीचं.
ठिपके जिथे पोचले ते आपलं.
मधे बोटभर कोरा कागद.

अण्णांनी खरंच बोट ठेवून बघितलं.
भाकरीचं होतं, डाग पडला.
मॅडम काही बोलल्या नाहीत.

केबल वर ओढताना काही लिहायचं नसतं.
नुसतं गुंडाळायचं. ओली तार, हातमोजे,
आणि कुणाच्याही नसलेल्या काळाचं पाणी बोटांतून निथळत.

निघताना अण्णांनी टोपणावर तळवा टेकवला.
मध्यरात्र उलटली तरी ते कोमट होतं.
"हाई आजनं उन, शंभर मीटरवर कधळ जाई?"
मॅडमनी मनात हिशेब केला. "ऐंशीएक वर्षं धरा.
आणि एकटं नाही, गर्दीत मिसळून."
अण्णा बराच वेळ गप्प.
मग खिळा काढून टोपणाच्या आतल्या बाजूला
त्यांनी आजची तारीख कोरली,
अकरा एप्रिल, आणि पुढे, थोडं थांबून,
शहामृग.

कुलूप लागेना. गंज.
मी दगड शोधायला गेलो.